हॉस्पिटलमध्ये पेशंट पडतो तेव्हा: सिस्टर, मावशी आणि नातेवाईक नेहमी विचारतात ते प्रश्न

वॉर्डात नव्याने लागलेल्या सिस्टर, नर्सिंगच्या विद्यार्थिनी, मावशी-मामा (वॉर्डातल्या आया आणि वॉर्डबॉय) आणि पेशंटजवळ रात्र काढणारे नातेवाईक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं मेडिसिन, सर्जरी आणि ऑर्थो वॉर्डांतल्या रोजच्या कामावरून लिहिली आहेत. तुमच्या हॉस्पिटलची लेखी कार्यपद्धती असेल तर आधी ती पाळा. कोणतंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. दुसऱ्या प्रश्नाशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. पेशंट ‘पडला’ असं नेमकं कधी म्हणायचं? मी धरून हळूच खाली बसवलं तर तेही पडणंच का?

हो, तेही पडणंच. मनात नसताना माणूस जमिनीवर किंवा होता त्यापेक्षा खालच्या पातळीवर आला, की नोंद ‘पडला’ अशीच होते. लागलं की नाही, हा त्यानंतरचा प्रश्न. पलंगावरून घसरणं, कमोडवरून कलंडणं, एक्स-रेच्या टेबलावरून उतरताना पाय सटकणं, सगळं यात आलं. पेशंटला घेरी आली आणि तुम्ही काखेत हात घालून त्याला भिंतीशी टेकवत खाली बसवलं, तर ‘आधार देऊन खाली बसवलं’ असा उल्लेख करून नोंद करा. काही जणींना वाटतं, आपण सांभाळलं तर मग कागद कशाला भरायचा? भरा, कारण त्याच पेशंटला पुढच्या पाळीत पुन्हा घेरी येऊ शकते, आणि त्या वेळी शेजारी कुणी असेलच असं नाही.

२. हॉस्पिटलात चोवीस तास माणसं असतात. तरी पेशंट पडतातच कसे?

कोणत्याही वॉर्डातल्या जुन्या सिस्टरला विचारा, ती पहिला शब्द ‘बाथरूम’ हाच उच्चारेल. बाथरूमला जाताना, तिथे बसताना-उठताना, नाहीतर परत येताना.

पहाटे चारची वेळ डोळ्यांसमोर आणा. आजींना संध्याकाळी लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) दिलेलं आहे, रात्री झोपेची गोळी झाली आहे, हाताला सलाइन चालू आहे. लघवीची कळ येऊन जाग येते. वॉर्डातले दिवे मंद. चपला पलंगाखाली कुठेतरी सरकलेल्या. खाली चटईवर सून झोपली आहे, दिवसभर दमलेली, तिला उठवायचं आजींच्या जिवावर येतं. म्हणून त्या तिला ओलांडायला पाय लांब टाकतात. इकडे सलाइनची नळी ताणली जाते, तिकडे गाऊन पायात येतो. तिथून निभावल्या तर पुढे बाथरूमची ओली फरशी आणि धरायला काही नसलेली भिंत आहेच.

यात निष्काळजी कोण होतं? माझ्या मते कुणीच नाही. आजारपणाने पायातलं बळ गेलेलं असतं. चार दिवस अंथरुणावर पडून राहिलं तरी मांड्या लटपटतात, आणि जागा अनोळखी. घरी त्या डोळे मिटून मोरीपर्यंत जातात. इथे दरवाजा डावीकडे की उजवीकडे हेही अर्धवट झोपेत आठवत नाही.

यात लाजेचा भाग फार मोठा आहे, आणि तो कुठल्याच फॉर्मवर नसतो. रात्री मामा ड्युटीवर असले तर आजी बेडपॅन मागत नाहीत. आजोबा नातीच्या वयाच्या सिस्टरकडे युरिन पॉट मागायला संकोचतात. काही जणी तर रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि त्यानेच बीपी उतरतं. म्हणून मागण्याची वाट न पाहता आपण विचारायचं. कसं विचारता यावरही बरंच असतं. “काही हवंय का?” म्हटलं की “नको गं बाळा” हेच उत्तर येतं. “चला आजी, बाथरूमला जाऊन येऊ, मग दिवा बंद करते” म्हटलं की त्या लगेच पाय खाली सोडतात. पेशंट पडू नयेत म्हणून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

३. कोणत्या वेळी जास्त लक्ष ठेवायचं?

पहाट आणि रात्रीचा पहिला प्रहर तर आहेच. त्याशिवाय पाळी बदलताना, सगळ्या जणी टेबलाशी ओव्हर (पुढच्या पाळीला पेशंटांची माहिती) देण्या-घेण्यात असतात तेव्हा. भेटायला आलेली मंडळी निघून गेल्यावर, कारण इतका वेळ दाबून धरलेली लघवी तेव्हाच आठवते. जेवणानंतर, कारण वयस्कर माणसांचं बीपी जेवल्यावर थोडं उतरतं. आयसीयूमधून वॉर्डात आल्याचा पहिला दिवस, कॅथेटर (लघवीची नळी) काढल्याचा दिवस आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा उभं राहण्याचा दिवस, हे तीन मी कधीच साधे समजत नाही.

४. मॉर्स स्केल (पडण्याचा धोका मोजायची गुणपट्टी) म्हणजे काय? मार्क कसे देतात?

नर्सिंग संशोधक जॅनिस मॉर्स यांनी १९८० च्या दशकात तयार केलेली ही मोजपट्टी आहे. आपल्याकडच्या बऱ्याच हॉस्पिटलांत भरतीच्या फाइलमध्ये ती असते. प्रश्न सहा आहेत. आता किंवा गेल्या तीन महिन्यांत पडल्याचा इतिहास असेल तर २५. एकापेक्षा जास्त आजारांचं निदान असेल तर १५. चालताना काठी, कुबडी किंवा वॉकर असेल तर १५, आणि पलंग-स्टूल-टेबल धरत धरत चालत असेल तर ३०. सलाइन चालू असेल किंवा शिरेत सुई असेल तर २०. चाल कमजोर असेल तर १०, तोल जात असेल तर २०. आणि स्वतःला किती जमतं याचा अंदाज नसेल तर १५. एका प्रश्नाला एकच मार्क धरून एकूण जास्तीत जास्त १२५. बऱ्याच ठिकाणी ४५ च्या पुढे ‘जास्त धोका’ धरतात, पण ही रेघ प्रत्येक हॉस्पिटल आपापल्या पेशंटांप्रमाणे ठरवतं.

उदाहरण घ्या. सत्तरीच्या आजी, डायबेटिस आणि न्यूमोनिया, सलाइन चालू, वॉकर घेऊन चालतात, चाल कमजोर, गेल्या महिन्यात घरी मोरीत घसरल्या होत्या, आणि “मला सोबत कशाला हवी?” म्हणतात. १५ + २० + १५ + १० + २५ + १५, म्हणजे १००.

पलंग-स्टूल धरत चालणाऱ्याला वॉकरवाल्याच्या दुप्पट मार्क आहेत, ते योग्यच आहे. वॉकर त्याच्या हातात असतो. स्टूल आणि लॉकर मात्र सरकतात.

शेवटचा प्रश्न भरताना पेशंटला फक्त नाव-गाव-तारीख विचारून थांबू नका. “बाथरूमला एकटे जाऊ शकाल का?” असं विचारा आणि उत्तर केस पेपरवरच्या ऑर्डरशी ताडून बघा.

५. स्कोअर कमी होता तरी पेशंट पडला. मग स्केलचा उपयोग काय?

स्केलचा आकडा काढून कुणी पडायचं थांबत नाही. आकडा काढून मनगटाला धोक्याचा पिवळा बँड बांधला आणि बाकी सगळं होतं तसंच राहिलं, तर फक्त फाइल पूर्ण होते. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शनात हॉस्पिटलांना सांगितलं होतं की पडण्याचा अंदाज बांधणाऱ्या गुणपट्ट्यांवर विसंबू नका, त्या माणसाच्या पडण्याची कारणं शोधा आणि ती दूर करा. मला हे पटतं. आपल्याकडे स्केल भरणं बंधनकारक असेल तर जरूर भरा, पण प्रत्येक मार्कासमोर ‘म्हणून आपण काय केलं’ हे मनाशी विचारा. चालीचे २० मार्क दिले, तर बाथरूमपर्यंत सोबत कोण जाणार?

कमी स्कोअरचे पेशंट पडतात त्याचं दुसरं कारण, स्कोअर भरतीच्या वेळी काढलेला असतो. अपेंडिक्सचा तिशीतला मुलगा चालत वॉर्डात आला तेव्हा स्कोअर शून्य. संध्याकाळी तोच स्पायनल भूल घेऊन थिएटरमधून परत येतो, पाय बधिर, दिवसभराचा उपाशी, आणि तरुण म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. दर पाळीत, ऑपरेशननंतर, वॉर्ड बदलल्यावर, औषध बदललं की आणि पडल्यावर स्कोअर नव्याने काढा.

६. कोणत्या औषधांवर असलेल्या पेशंटकडे जास्त बघायचं?

झोपेच्या आणि मन शांत करणाऱ्या गोळ्या, बीपीची औषधं, लघवी वाढवणारी औषधं, प्रोस्टेटसाठी दिलेलं टॅमसुलोसिन, फिट्सची औषधं, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, इन्सुलिन आणि शुगरच्या गोळ्या. एकेकटं औषध चालून जातं. यातली तीन-चार एकत्र आली की पाय डगमगतात. लॅसिक्सचा दुसरा डोस रात्री न देता दुपारी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. साध्या कारणाने विचारलेला हा प्रश्न डॉक्टरही बहुतेक वेळा मान्य करतात.

उभं राहिल्यावर बीपी उतरतं का, हे बघायला पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घ्या, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला घ्या. वरचं २० किंवा खालचं १० ने उतरलं तर डॉक्टरांना कळवा. अशा पेशंटला उठवताना आधी बसवायचं, पाय खाली सोडून पावलं वर-खाली हलवायला लावायची, मग उभं करायचं, थोडं थांबायचं आणि मगच चालवायचं. डायलिसिसहून परत आलेल्या पेशंटलाही हेच लागू.

७. दोन्ही बाजूंची रेलिंग वर केली की झालं ना?

नाही. शुद्धीत असलेल्या आणि कुशीवर वळताना पडण्याची भीती वाटणाऱ्या पेशंटला रेलिंगचा आधार होतो. स्ट्रेचरवरून नेताना ती वर हवीच. पण भान हरपलेला, उठायला बघणारा पेशंट रेलिंग ओलांडतो, आणि मग पलंगाच्या नव्हे, रेलिंगच्या उंचीवरून पडतो. रेलिंगच्या दांड्यांत हात-पाय किंवा मान अडकण्याचाही धोका असतो. त्यापेक्षा पलंग सर्वांत खाली घ्या, चाकांचे ब्रेक लावा (ब्रेक न लावलेला पलंग टेकताच सरकतो, हे आम्ही फार वेळा पाहिलं आहे), आणि पेशंट ज्या बाजूने उतरतो ती बाजू मोकळी ठेवा.

८. नातेवाईकच म्हणतात, “सिस्टर, बाबांना बांधून ठेवा.” काय करायचं?

त्यांच्या म्हणण्यामागे भीती असते, दुष्टपणा नसतो. ऐकून घ्या. पण हात बांधल्याने माणूस आणखी बिथरतो, जोर लावतो, आणि बांधलेल्या अवस्थेत घसरला तर दुखापत जास्त होते. बांधणं हा शेवटचा उपाय आहे. डॉक्टरांची लेखी ऑर्डर, कारण, किती वेळासाठी, नातेवाइकांना दिलेली माहिती आणि हाताचा रंग-ऊब वारंवार तपासल्याची नोंद, हे सगळं असल्याशिवाय सिस्टरने स्वतःच्या मनाने बांधू नये.

आधी विचारा की बाबा अचानक असं का करायला लागले? काल व्यवस्थित बोलणारा माणूस आज रात्री पलंगावरून उतरून “घरी चला” म्हणतोय, तर ते म्हातारपण नसून डिलिरियम (आजारपणात अचानक होणारा मनाचा गोंधळ) असू शकतो. तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, ताप, कमी झालेलं सोडियम, शुगर, ऑक्सिजन, दुखणं, नवं औषध, यातलं काहीतरी सापडतंच. रोज पिणाऱ्या माणसाची दारू भरतीमुळे सुटली असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असाच गोंधळ होतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना लगेच बोलवा. तोवर चष्मा लावा, कानाचं मशीन लावा, मंद दिवा चालू ठेवा आणि ओळखीचा एक माणूस उशाशी बसवा. कारण सापडून उपचार सुरू झाले की बांधण्याचा विषय बहुधा राहत नाही.

९. मी आईसोबत रात्री राहणार आहे. नेमकं काय करू?

चटई पलंगाच्या ज्या बाजूने आई उतरते त्या बाजूला टाकू नका. तिच्या मागच्या पट्ट्याच्या चपला आणा, नुसत्या सरकवायच्या सपाता नकोत. चष्मा, पाणी, मोबाइल आणि बेल तिच्या चांगल्या हाताशी ठेवा. पक्षाघातात ज्या बाजूची जाणीव गेली आहे त्या बाजूला ठेवलेली वस्तू तिच्यासाठी नसल्यासारखीच असते. गाऊन किंवा परकर घोट्याच्या वर राहील असा बांधा. बाथरूममध्ये आतून कडी लावू देऊ नका, दार लोटून बाहेर उभे राहा. आणि सर्वांत महत्त्वाचं, आईला झोपण्याआधी स्वतःच्या तोंडाने सांगा, “मला उठव, मला राग येणार नाही.” तिला तुमची झोप मोडायची नसते म्हणूनच ती एकटी उठते.

चहाला खाली जाताना सिस्टरला सांगून जा. कोपऱ्यात सांडलेलं पाणी दिसलं तर मावशींना हाक मारा, नाहीतर एखादं फडकं तरी टाका. आईला एकट्याने उचलायचा प्रयत्न करू नका, तुम्ही दोघंही पडाल.

१०. “मी माझा जाईन” म्हणणाऱ्या आजोबांना कसं समजवायचं?

धाक दाखवून नाही. ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवलं, त्याला बाथरूमला हात धरून न्यायचं म्हणजे त्याच्या मानाचा प्रश्न असतो, आणि तो मान राखलाच पाहिजे. “पडाल हं!” म्हणण्यापेक्षा “दादा, तुम्ही चाला, मी नुसती सलाइनचा स्टँड धरते” म्हणा. स्टँड धरायच्या निमित्ताने तुम्ही शेजारी असता. दाराबाहेर थांबताना पाठ करून थांबा आणि तसं सांगा. शक्य असेल तिथे पुरुष पेशंटसाठी ब्रदर (पुरुष नर्स) किंवा मामांना बोलवा. तरीही ऐकलं नाही तर काय समजावलं, काय उत्तर आलं हे वेळ घालून लिहा आणि घरच्यांना सांगा. शुद्धीवर असलेल्या माणसाला नाही म्हणायचा हक्क आहे, आणि आपल्याला पुन्हा एकदा विचारायचा.

११. पेशंट जमिनीवर पडलेला दिसला. पहिल्या काही मिनिटांत काय करायचं?

उचलू नका. सगळ्यांचा पहिला आवेग उचलण्याचाच असतो, नातेवाईक तर काखेत हात घालून ओढायलाच लागतात. त्यांना शांतपणे थांबवा आणि मदतीला हाक मारा, पेशंटला सोडून जाऊ नका.

आधी श्वास, नाडी, शुद्ध. प्रतिसाद नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर पडण्याचा विचार बाजूला ठेवून सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवणं) सुरू करा आणि कोड (तातडीचं पथक) बोलवा. कदाचित तो पडला म्हणून हृदय थांबलं नसेल, हृदय थांबलं म्हणून तो पडला असेल. शुद्धीत असेल तर जवळ बसून नावाने बोलवा. मान दुखते का, हाता-पायात मुंग्या येतात का, डोकं आपटलं का, कुठे दुखतं, हे विचारा. मान किंवा पाठ दुखत असेल तर डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून डॉक्टर येईपर्यंत हलवू नका. एक पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, तर खुब्याचं हाड मोडलं असं धरून चाला. अशा पेशंटला उभं करून बघणं हा अपराध आहे.

बीपी, नाडी, ऑक्सिजन आणि शुगर तिथेच जमिनीवर घ्या. शुगर हमखास विसरली जाते. सलाइनची सुई निघाली का, टाके उसवले का, कॅथेटर ओढला गेला का, हेही बघा. डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावर पुरेशी माणसं घेऊन, चादरीवर किंवा स्पाइन बोर्डवर, एका तालात उचला.

आणि पेशंट घाबरलेला असतो. बऱ्याच वेळा तो आपल्यालाच “सॉरी सिस्टर” म्हणतो. त्याचा हात धरा आणि “तुमची काही चूक नाही” हे मोठ्याने म्हणा, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

१२. पडला, पण काही लागलेलं दिसत नाही. तरी किती वेळ लक्ष ठेवायचं?

पडताना कुणी पाहिलं नसेल तर डोक्याला मार लागला आहे असंच धरा, पेशंट नाही म्हणाला तरी. डोक्याला मार लागल्यावर सर्वसाधारण पद्धत अशी: पेशंट पूर्ण शुद्धीत आला की पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने, पुढचे चार तास दर तासाने आणि नंतर दर दोन तासांनी शुद्धीची पातळी, बाहुल्या, हाता-पायांची ताकद, नाडी आणि बीपी. मध्येच झोपाळू झाला, उलटी झाली, डोकेदुखी वाढली किंवा एक हात ढिला पडला तर लगेच डॉक्टर.

वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर पडल्याच्या पहिल्याच फोनवर डॉक्टरांना तेही सांगा. अशा पेशंटमध्ये मेंदूतला रक्तस्राव उशिरा कळू शकतो, म्हणून सीटी स्कॅनचा निर्णय वेगळ्या पद्धतीने घेतला जातो. ओव्हर देताना ‘पेशंट पडला होता, काही नाही’ असं म्हणून पुढे जाऊ नका. किती वाजता पडला आणि पुढचं निरीक्षण किती वाजता करायचं, हे सांगा.

१३. इन्सिडेंट रिपोर्ट (घडलेल्या घटनेची लेखी नोंद) भरला तर मेमो मिळेल का?

काही ठिकाणी मिळतो, हे खरं आहे, आणि ते फार चुकीचं आहे. मेमोच्या भीतीने सिस्टर पेशंटला उचलून पलंगावर ठेवतात आणि गप्प बसतात. मग प्रश्न १२ मधलं निरीक्षण होत नाही, पुढच्या पाळीला पत्ता नसतो, आणि नुकसान पेशंटचं होतं. ज्या वॉर्डात वर्षभर एकही पेशंट पडल्याची नोंद नाही, त्या वॉर्डाबद्दल मला विश्वासापेक्षा काळजी जास्त वाटते.

एनएबीएच (हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता घेतलेल्या हॉस्पिटलांत पेशंट पडण्याचं प्रमाण मोजावंच लागतं. एका महिन्यातले पडलेले पेशंट भागिले त्या महिन्यातले एकूण पेशंट-दिवस, गुणिले १०००. तीस खाटांचा भरलेला वॉर्ड तीस दिवस चालला तर ९०० पेशंट-दिवस. दोन जण पडले तर प्रमाण २.२. हा आकडा सिस्टरला शिक्षा करायला नाही, कुठे काय बिघडतंय ते कळावं म्हणून आहे. इन्चार्ज सिस्टर हे वाचत असतील तर त्यांना विनंती: रिपोर्ट हातात आल्यावर “ड्युटीवर कोण होतं?” याआधी “पेशंट कसा आहे?” आणि “फरशी ओली का होती?” हे विचारा. पुढचा रिपोर्ट आपोआप वेळेवर येईल.

१४. केस पेपरवर काय लिहायचं आणि काय नाही?

जे पाहिलं ते. तुम्ही पडताना पाहिलं नसेल तर ‘पेशंट पडले’ असं न लिहिता ‘४.२० वा. पेशंट पलंगाच्या डाव्या बाजूला जमिनीवर उजव्या कुशीवर आढळले’ असं लिहा. पेशंट स्वतः काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत. तपासणी, कोणत्या डॉक्टरांना किती वाजता कळवलं, ते किती वाजता आले, काय ऑर्डर दिली, नातेवाइकांना कधी सांगितलं. ‘मावशींच्या चुकीमुळे’ किंवा ‘स्टाफ कमी असल्याने’ असली कारणमीमांसा केस पेपरवर नको, ती रिपोर्टमध्ये करा. खाडाखोड नाही, व्हाइटनर तर अजिबात नाही. चुकलं तर एक रेघ मारून सही करा.

१५. नातेवाइकांना कोणी आणि कधी सांगायचं?

पेशंट स्थिर झाला की लगेच, त्याच पाळीत. डॉक्टर आणि सिस्टर मिळून सांगावं. काय झालं, आता तब्येत कशी आहे, कोणत्या तपासण्या करतोय, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. सकाळी राउंडला डोळ्याभोवतीचा निळा डाग बघून घरच्यांना कळलं, तर मग खरं सांगितलेलंही त्यांना खोटं वाटतं.

१६. एका सिस्टरकडे तीस-चाळीस पेशंट असताना हे सगळं कसं जमणार?

सगळं जमणार नाही, आणि ते तुमचं अपयश नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण जनरल वॉर्डासाठी शिकवणाऱ्या हॉस्पिटलांत तीन पेशंटमागे एक आणि इतर हॉस्पिटलांत पाचांमागे एक सिस्टर असं आहे, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा. प्रत्यक्षात काय असतं ते आपण रोज बघतो, आणि जमिनीवर गाद्या टाकलेल्या वॉर्डात तर ‘पलंग खाली घ्या’ या सूचनेला अर्थच उरत नाही. मनुष्यबळाची मागणी लेखी करत राहणं हासुद्धा पेशंट सुरक्षेचाच भाग आहे.

तोवर जे हातात आहे ते असं: सगळ्यांत जास्त धोक्याचे चार-पाच जण टेबलासमोरच्या पलंगांवर घ्या. ओव्हरमध्ये त्यांची नावं आधी सांगा. दिवे मालवण्यापूर्वी एक आणि पहाटे चारच्या सुमाराला एक बाथरूमची फेरी मावशींबरोबर ठरवून करा. मावशींना पेशंट का पडतात हे समजावून सांगितलं, तर त्यांच्याइतकं बारीक लक्ष कुणी ठेवत नाही. फरशी पुसण्याची वेळ पेशंट उठण्याच्या वेळेआधी किंवा नंतर ठेवायला लावा. खाली झोपणाऱ्या नातेवाइकांना चटईची जागा दाखवून द्या (प्रश्न ९).

१७. बेड अलार्म (पेशंट उठला की वाजणारा), खाली जाणारे महागडे पलंग घेतले तर फरक पडेल का?

अमेरिकेतल्या २०१२ च्या एका मोठ्या अभ्यासात अलार्मचा वापर वाढवूनही पडणं कमी झालं नाही. ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खाली जाणारे पलंग, अलार्म, सूचना-फलक असं सगळं एकत्र वापरलं, तरीही नाही. उलट बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलांत पेशंट आणि घरच्यांना सोबत बसवून, ‘या पेशंटला धोका कशाचा आणि म्हणून काय करायचं’ असा तक्ता पलंगाशी लावला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पडणं १५ टक्क्यांनी आणि दुखापत होणारं पडणं ३४ टक्क्यांनी कमी झालं. असा तक्ता आपल्याकडे मराठीत, मोठ्या अक्षरांत, चित्रं काढून पुठ्ठ्यावर करता येतो. अलार्म वाजल्यावर धावणारा माणूस वॉर्डात नसेल तर तो कुणासाठी वाजणार?

१८. बाळंतिणीचं आणि बाळाचं काय?

बाळंतीण तरुण असते म्हणून तिचा स्कोअर कमी येतो, पण रक्त गेलेलं असतं, पोट रिकामं असतं, सिझेरियन असेल तर पायातली बधिरता असते. बाळंतपणानंतर पहिल्यांदा बाथरूमला जाताना सिस्टर सोबत हवीच, फक्त आई-सासू पुरत नाहीत. घेरी आली तर तिथेच बसवा, पलंगापर्यंत ओढत आणू नका.

बाळ पडण्याचा धोका रात्रीच्या दुधाच्या वेळी. आई थकून पाजता पाजता झोपते आणि बाळ कडेवरून सरकतं. पाजून झालं की बाळ पाळण्यात ठेवायला मदत करा. बाळ पडलं तर ते रडून शांत झालं तरी बालरोगतज्ज्ञांनी पाहायलाच हवं. त्या आईला त्या वेळी एका शब्दानेही बोलू नका, आणि घरच्यांनाही बोलू देऊ नका.

१९. लहान मुलं आई-वडील जवळ असतानाच पडतात. मग वेगळं काय करायचं?

पाळण्याची रेलिंग अर्धी खाली ठेवून दुधाची बाटली घ्यायला वळलं, तेवढ्यात मूल पडतं. रेलिंग एकतर पूर्ण वर, नाहीतर तुमचा हात मुलावर. मोठ्यांच्या पलंगावर लहान मूल झोपवू नका. सलाइनच्या स्टँडच्या पायावर उभं राहून गाडी-गाडी खेळणं थांबवा. मुलांसाठी वेगळी गुणपट्टी असते, प्रश्न ४ मधली वापरू नका.

२०. हॉस्पिटलात पडून हाड मोडलं. त्याचा खर्च कोणी करायचा?

प्रत्येक वेळी हॉस्पिटलनेच करायचा असं सरसकट नाही. पडणं म्हणजे आपोआप निष्काळजीपणा होत नाही. धोका ओळखला होता का, उपाय केले होते का, पडल्यावर वेळेत तपासलं का, हे पाहिलं जातं. आधी हॉस्पिटलच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी द्या. केस पेपरची प्रत मागा. डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार ती मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवी. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केलं आहे, आणि ग्राहक आयोगाकडे साधारणपणे दोन वर्षांच्या आत जावं लागतं. बऱ्याच ठिकाणी वेळेवर खरं सांगितल्यावर (प्रश्न १५) गोष्ट तिथपर्यंत जातच नाही.

२१. माझ्या ड्युटीत पेशंट पडला आणि नंतर दगावला. मला झोप लागत नाही.

हा प्रश्न येतो, आणि विचारणारीचा आवाज दर वेळी खाली गेलेला असतो. आधी हे ऐका: त्याच वेळी तुम्ही दुसऱ्या पेशंटला इंजेक्शन देत होतात, तिसऱ्याचं सलाइन बदलत होतात. एका माणसाला एका वेळी एकाच पलंगाशी उभं राहता येतं. दोष शोधणाऱ्या मीटिंगमध्ये हे कुणी बोलत नाही, म्हणून इथे लिहिलं.

एकट्या राहू नका. त्या रात्री जी सोबत होती तिच्याशी बोला. पुढच्या काही ड्युट्या दुसऱ्या वॉर्डात मागाव्याशा वाटल्या तर मागा. तीच दृश्यं पुन्हा पुन्हा येत असतील, ड्युटीला निघताना छातीत धडधडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आणि मैत्रिणीच्या बाबतीत असं घडलं तर तिच्याशी चौकशी अधिकाऱ्यासारखं बोलू नका. तिला आधी चहा द्या, तिच्या पेशंटची औषधं तुम्ही द्या.

२२. मावशी ओल्या फरशीवर घसरल्या. भेटायला आलेले काका चक्कर येऊन पडले. हे कुठे लिहायचं?

पेशंट पडण्याच्या आकड्यात नाही, पण रिपोर्ट दोन्हींचा हवा. काकांना कॅज्युअल्टीत नेऊन तपासा. मावशींच्या अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घ्या, त्या कंत्राटी असल्या तरी आणि कंत्राटदार नको म्हणाला तरी. ईएसआय (कामगार विमा) किंवा भरपाईसाठी पुढे तोच कागद लागतो.

२३. डिस्चार्ज झाला, बँड कापला, पेशंट बिलासाठी थांबला होता आणि पडला. तो आमचा धरायचा का?

हो. हॉस्पिटलातून बाहेर पडेपर्यंत तो तुमचाच पेशंट. ही वेळ खरोखर निसरडी असते: सलाइन निघालेलं, घरचे कपडे घातलेले, मुलगा खाली कॅश काउंटरला, पलंगावर नवी चादर घालायची घाई, आणि पेशंट बॅग आवरायला एकटाच वाकतो. तपासणी, निरीक्षण आणि नोंद प्रश्न ११ ते १४ प्रमाणेच होईल, गरज वाटली तर डिस्चार्ज डॉक्टर थांबवतील. डिस्चार्जच्या पेशंटला पलंग रिकामा करायला बाकावर बसवायचं असेल तर पाठ टेकता येईल अशी हाताची खुर्ची द्या, बॅग दुसऱ्या कुणाकडे द्या, आणि व्हीलचेअरने गाडीपर्यंत सोडा. गाडीत बसवताना आधी पाठमोरं टेकू द्या, मग पाय आत घ्या.